आयईएमची केबल, टिप आणि बाकीचा लवाजमा: आधी काय, नंतर काय

मंद्र

उंची आयईएम (इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इअरफोन) घेणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून सगळं एका धाग्यात आणू. चर्चेसाठी असा संच धरा: एक डायनॅमिक (पडद्याचा) आणि चार बॅलन्स्ड आर्मेचर (हलत्या पट्टीचे, चिमुकले) असे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, असलेला हायब्रिड आयईएम, ०.७८ मिमीचं दोन-पिन सॉकेट, प्लेअरला ३.५ आणि ४.४ मिमी अशी दोन्ही आउटपुट. सोबत आलेली केबल बारीक आणि सारखी गुंतणारी.

केबल बदलल्याने आवाज बदलतो का, आणि बदलत असेल तर नेमका कशामुळे? तांबं, चांदी आणि चांदीचा मुलामा यांत निवडायचं कसं? टिप, ॲडाप्टर, डबी या भानगडीत आधी हात कशाला घालायचा? "एकदम पडदा उठला" छापाचे प्रतिसाद नकोत. आकडा असेल तर आकडा द्या.

खर्ज

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण कामाचा क्रम तोच आहे. टिप, म्हणजे कानात जाणारी सिलिकॉनची किंवा फोमची टोपी, पक्की बसेपर्यंत केबलचं नाव काढू नका.

टिप कानाच्या नळीत हवाबंद बसली नाही की खर्ज (बास) गळतो. फट केसाएवढी असली तरी १०० हर्ट्झच्या खालचा भाग सहज दहा डेसिबलने पडतो. वरचा भाग तसाच राहतो, त्यामुळे आवाज पातळ आणि बोचरा वाटतो. मग माणूस "उबदार" तांब्याची केबल शोधत फिरतो. दोष टिपेच्या मापात असतो, केबलचा त्यात काही संबंध नसतो.

तपासायची रीत: ४० हर्ट्झचा सलग सूर हळू आवाजात लावा आणि आयईएम बोटाने किंचित आत दाबा. दाबल्यावर सूर भरून आला तर टिप गळतेय. एक माप मोठी लावा, किंवा त्याच मापाची जरा लांब दांड्याची. दोन्ही कानांची मापं वेगळी निघणं अगदी नेहमीचं आहे, डाव्याला एम आणि उजव्याला एल लावायला लाजू नका. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मधली मापं असलेली मालिका बघा. जेव्हीसीच्या स्पायरल डॉटमध्ये एमएस आणि एमएल मिळतात, फायनलच्या टाइप ई मध्ये एसएसपासून एलएलपर्यंत पाच मापं आहेत.

आता खोलीबद्दल. नॉझलचं (टिप बसते त्या नळीचं) टोक आणि कानाचा पडदा यांच्यामधल्या हवेत अर्ध्या तरंगलांबीचा अनुनाद होतो. हे अंतर २२ मिमी धरलं तर शिखर ८ किलोहर्ट्झच्या आसपास येतं. टिप २ मिमी आत गेली की ते जवळपास ८०० हर्ट्झने वर सरकतं. टिप बदलल्यावर "स" आणि "श" टोचायला लागतात किंवा टोचायचे थांबतात ते यामुळे. ५ ते १० किलोहर्ट्झ चढता सूर लावून आपलं शिखर कुठे आहे ते ऐका आणि मग ठरवा.

तोंड रुंद असलेली टिप वरचा भाग मोकळा ठेवते, अरुंद तोंडाची तो थोडा दाबते. फोम बाहेरचा गोंगाट सगळ्यात चांगला अडवतो, पण ट्रेबलची धारही कमी करतो. शिवाय तो कानातला मळ आणि तेल शोषतो, दोन-तीन महिन्यांत फुगायचा मंदावतो. मंदावला की फेकायचा, धुवून परत वापरायचा नाही.

तिरकीट

+१. नॉझलचं माप राहिलं. शूर, वेस्टोन, एटिमोटिक यांची नॉझल बारीक, त्यांना कंप्लायची १०० क्रमांकाची मालिका लागते. आजच्या बऱ्याच हायब्रिडची नॉझल ५.५ ते ६ मिमीपर्यंत जाड असते. बारीक भोकाची टिप त्यावर ताणून बसवली की तिचं तोंड पसरतं, छत्री आखूड होते आणि गळती सुरू. उलट सैल टिप काढताना कानातच राहते. नॉझलला कडा नसेल तर आतून चिकट असलेली टिप घ्या, पण डिंक किंवा दुहेरी टेप लावायचे प्रयोग नकोत, जाळी बुजते.

आणि घालताना "करकर" किंवा कागद चुरगळल्यासारखा आवाज आला तर घाबरू नका. दबलेल्या हवेने डायनॅमिक ड्रायव्हरचा पडदा वाकतो, त्याचा तो आवाज. कानाची पाळी वर-मागे ओढून सावकाश घाला. छोटं छिद्र असतं शेलवर (आयईएमच्या कवचावर), ते बोटाने झाकू नका.

कानसेन

केबलवर येऊ. केबलच्या जाहिरातीत चाळीस गोष्टी असतात, आवाजावर परिणाम करणारी त्यात बहुतेक नसतेच. ती म्हणजे रोध, ओहममध्ये.

तांब्याच्या वायरीचा मीटरला रोध असा (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा, आकडा मोठा तितकी तार बारीक): २४ गेज ०.०८४, २६ गेज ०.१३४, २८ गेज ०.२१३, ३० गेज ०.३३९ ओहम. केबल १.२ मीटरची असेल तर करंट जातो आणि परत येतो, म्हणजे २.४ मीटर धरायचं. ३० गेजला ०.८ ओहम, २८ ला ०.५, २६ ला ०.३, २४ ला ०.२. आठपदरी केबलमध्ये प्रत्येक टोकाला दोन वायरी समांतर असतात, म्हणून रोध निम्मा. बास, एवढंच गणित.

हा रोध आयईएमच्या इम्पिडन्सशी, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार बदलू शकणाऱ्या त्याच्या स्वतःच्या रोधाशी, मालिकेत येतो. इम्पिडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा असेल, जसं एकाच डायनॅमिक ड्रायव्हरच्या ३२ ओहमच्या आयईएमला बहुधा असतो, तर सगळाच आवाज एक-दोन दशांश डेसिबलने उतरतो. कोणाला कळणार नाही. पण बरेच आर्मेचर आणि क्रॉसओव्हर (ड्रायव्हरांत फ्रिक्वेन्सी वाटून देणारं सर्किट) असलेल्या आयईएमचा इम्पिडन्स एका ठिकाणी ४० आणि दुसऱ्या ठिकाणी ५ ओहम असू शकतो. तिथे ०.८ ओहमच्या केबलने ५ ओहमचा भाग १.३ डेसिबल खाली येतो, ४० ओहमचा फक्त ०.२. ०.२ ओहमची केबल लावली की हाच फरक १.१ वरून ०.३ डेसिबलवर येतो. हे ०.८ डेसिबल सरळ तुलनेत ऐकू येतात. पण ते ट्रेबल वाढवतील की खर्ज, हे त्या आयईएमच्या इम्पिडन्सच्या आलेखावर ठरतं, केबलच्या "स्वभावावर" नाही.

मंद्र यांच्या उदाहरणातला हायब्रिड याच गटात मोडतो. त्यामुळे विकणाऱ्याला गेज किंवा एकूण रोध विचारा. उत्तर मिळत नसेल तर दुसरी केबल बघा.

रुपेरी

गणित मान्य. पण चांदीची केबल उजळ आणि तांब्याची भरीव ऐकू येते हे इतके जण सांगतात, ते सगळे भ्रमात आहेत का? शिवाय ओसीसी तांबं, लिट्झ, सहा नऊ शुद्धता, स्किन इफेक्ट, हे सगळं उगाच का?

कानसेन

ऐकू येतं त्याला कारण असतं, फक्त ते धातूत नसतं. एकेक घेऊ.

चांदीचा विशिष्ट रोध तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी. २६ गेजच्या केबलचा रोध ०.३२ वरून ०.३० ओहम होईल. ५ ओहमच्या भागावर परिणाम ०.०३ डेसिबल. तांब्याची वायर एक गेज जाड घेतली तरी यापेक्षा जास्त फायदा होतो.

शुद्धता: ९९.९९ आणि ९९.९९९९ टक्के तांब्याच्या वाहकतेतला फरक यापेक्षाही बारीक. ओसीसी ही अत्सुमी ओनो यांची सलग ओतकामाची पद्धत. तीत धातूचे स्फटिक लांबलचक होतात, तार छान लवचिक मिळते. त्यापलीकडे मोजमापात हाती काही लागत नाही.

स्किन इफेक्ट, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाढली की करंट तारेच्या पृष्ठभागाकडे सरकणं: २० किलोहर्ट्झला तांब्यात करंट सुमारे ०.४७ मिमी खोलवर जातो. २६ गेजच्या तारेची त्रिज्याच ०.२ मिमी. म्हणजे अख्खी तार वापरली जाते. केबलची धारिता (कपॅसिटन्स) १०० ते २०० पिकोफॅरड धरली तरी २० किलोहर्ट्झला ती किमान ४० हजार ओहम दिसते, समोर भार दहा-वीस ओहमचा. प्रेरकता (इंडक्टन्स) एक मायक्रोहेन्री धरली तर ०.१३ ओहम. दोन्हींचा परिणाम नगण्य.

मग ऐकू काय येतं? केबल बदलताना आयईएम कानातून निघतो आणि परत बसतो, खोली एखाद मिलिमीटर बदलते. खर्ज यांनी वर सांगितलंय त्याने काय होतं. दुसरं, नवीन केबल ४.४ ची असेल तर प्लेअरचं बॅलन्स्ड (प्रत्येक कानाला स्वतंत्र धन-ऋण देणारं) आउटपुट जास्त व्होल्टेज देतं, आणि अर्धा डेसिबल मोठा आवाज माणसाला "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. एका कानात एक आणि दुसऱ्यात दुसरी केबल लावून मोनो ध्वनिमुद्रण ऐका. आवाज मधोमध राहिला तर वाद संपला.

रुपेरी

दोन कानांत दोन केबल ही युक्ती बरी आहे. चांदीचा मुलामा दिलेलं तांबं निदान काळं-हिरवं पडत नाही ना?

डाख

हिरवेपणा धातूपेक्षा आवरणामुळे येतो. पारदर्शक पीव्हीसीमधला प्लास्टिसायझर आणि घाम तांब्याला लागला की हिरवा थर चढतो. मुलामा असला तरी तो पातळ असतो, सूक्ष्म भेगांतून तांबं डोकावतंच. लिट्झमध्ये प्रत्येक बारीक तारेवर इनॅमल (विजेला अडवणारा पातळ लेप) असतं म्हणून ते उशिरा हिरवं होतं. लिट्झचा आयईएममध्ये खरा उपयोग एवढाच. हिरव्या केबलचा रोध मोजला तर सहसा पूर्वीएवढाच निघतो. दिसायला वाईट, वाजायला तीच. अपारदर्शक आवरण घेतलं की प्रश्नच दिसत नाही!

आता माझा प्रांत, कनेक्टर. पैसे वाया जातात ते इथे.

दोन-पिनमध्ये ०.७५ आणि ०.७८ अशी दोन मापं फिरतात. ०.७५ ची पिन ०.७८ च्या सॉकेटात सैल बसते, एका बाजूचा आवाज जातो-येतो. ०.७८ ची पिन ०.७५ च्या सॉकेटात जोर करून जाते, पण सॉकेट कायमचं पसरवते, पुढे मूळ केबलही सैल. ॲक्रिलिकच्या शेलला तडा जायची भीती वेगळीच. वर्णनात "०.७५/०.७८ दोन्हीला चालते" असं लिहिलं असेल तर ते एकाच मापाचं असतं, कोणतं ते विचारा.

सॉकेट सपाट आहे की खोलगट तेही बघा. खोलगट सॉकेटसाठी केलेला प्लग सपाट सॉकेटात लावला तर पिनांचा काही भाग उघडा राहतो आणि कधीतरी वाकतो. क्यूडीसी प्रकारात सॉकेट शेलबाहेर आलेलं असतं आणि प्लगला टोपी असते. साधा दोन-पिन प्लग त्यावर तात्पुरता चालतो, पण आधाराविना.

एमएमसीएक्स हा दुसरा कनेक्टर, गोल आणि फिरणारा. वैशिष्ट्यपत्रात साधारण ५०० वेळा लावण्या-काढण्याची हमी असते, म्हणून रोज काढू नका. काढताना पिरगळायचा नाही. दोन्ही अंगठ्यांची नखं फटीत घालून सरळ वर उचलायचा, किंवा फायनलचा चिमटा मिळतो तो वापरायचा. सेनहायझरच्या आयई ३००, ६००, ९०० ला एमएमसीएक्स असलं तरी सॉकेट खोलगट आहे, बाजारातले बहुतेक प्लग तळापर्यंत पोचत नाहीत. ऑडिओ-टेक्निकाचा ए२डीसी आणि पेंटाकॉन इअर हे दोन्ही दिसायला एमएमसीएक्सचे भाऊ, पण एकमेकांत बसत नाहीत. बसवू पाहाल तर सॉकेट गमवाल. अल्टिमेट इअर्सच्या नव्या मॉडेलना आयपीएक्स, ते अजून वेगळं.

दोन-पिनमध्ये उलटसुलट ध्रुव ही नेहमीची फसगत. एकच बाजू उलटी लागली की मधोमध असलेला गायक नाहीसा होऊन दोन्हीकडे पसरतो आणि खर्ज विरतो. मोनो खर्जाचा सूर लावा, एका बाजूचा प्लग उलटा फिरवा, ज्या स्थितीत सूर भरीव आणि मधे येईल ती बरोबर. प्लगवर ठिपका नसेल तर नेलपॉलिशचा एक थेंब लावून ठेवा.

मंद्र

छान. मग ३.५ घ्यावी की ४.४? आणि अदलाबदल होणारे प्लग येतात ते?

शून्य डेसिबल

४.४ चं पाच-भागी कनेक्शन २०१६ मध्ये जपानच्या जेईआयटीए संस्थेने प्रमाणित केलं. २.५ मिमीचं त्याआधी ॲस्टेल अँड कर्नने रुळवलं. २.५ चा प्लग बारीक, टोकाशी मोडतो आणि तुकडा जॅकमध्ये अडकतो. नवीन घेताना ४.४ घ्या, २.५ सोडून द्या.

बॅलन्स्ड म्हणजे आपोआप चांगलं असं नाही. दुप्पट व्होल्टेज मिळतं, म्हणजे ६ डेसिबलपर्यंत जास्त. ११० डेसिबल प्रति मिलिवॉट संवेदनशीलतेच्या आयईएमला ते लागतच नाही. उलट बऱ्याच प्लेअरमध्ये बॅलन्स्ड बाजूचा आउटपुट इम्पिडन्स (प्लेअरचा स्वतःचा आतला रोध) दुप्पट असतो आणि सुस्काराही (मागची सळसळ) जास्त. शांत खोलीत गाणं थांबवून ऐका, सुस्कारा येत असेल तर ३.५ वर या किंवा गेन लो करा.

खरा फायदा एकच: डाव्या-उजव्याची जमीन (परतीची वायर) वेगळी राहते. तीनच वायरी असलेल्या स्वस्त केबलमध्ये जमीन प्लगपासून वाय-जोडापर्यंत (केबल दोन कानांकडे फुटते तिथपर्यंत) एकच असते. त्या सामाईक तुकड्याचा रोध ०.२ ओहम आणि आयईएम १६ ओहमचा धरला तर एका बाजूचा आवाज दुसरीकडे ३८ डेसिबल खाली झिरपतो. चारही वायरी प्लगपर्यंत स्वतंत्र आणणारी ३.५ ची केबल घेतली की हा प्रश्न जवळपास तिथेच मिटतो.

आणि हे ठळक अक्षरात समजा: ४.४ ची केबल ३.५ च्या जॅकला लावणारा ॲडाप्टर सुरक्षित. ३.५ ची केबल ४.४ च्या जॅकला लावणारा ॲडाप्टर धोक्याचा. त्यात डाव्या-उजव्याच्या ऋण बाजू एकमेकींना जोडल्या जातात, त्या ॲम्पच्या दोन स्वतंत्र चालत्या आउटपुट असतात. शॉर्ट झालं की ॲम्प जाऊ शकतो. म्हणून केबल नेहमी ४.४ ची आणि ॲडाप्टर खाली ३.५ कडे.

अदलाबदलीचे प्लग सोयीचे, पण आणखी एक जोड, आणखी एक सैल होणारी जागा. आट्या असलेली कडी असेल तर घ्या, नुसता दाबून बसणारा नको.

खर्ज

शून्य डेसिबल, आउटपुट इम्पिडन्सचा आकडा द्या की. केबलच्या ०.३ ओहमवर पानं भरली आणि १० ओहमचा जॅक मोकळा सुटला!

शून्य डेसिबल

बरोबर, तोच मोठा मासा. कानसेन यांचा ५ ते ४० ओहमचा आयईएम १० ओहमच्या आउटपुटला लावला तर दोन टोकांत साडेसात डेसिबलचा फरक पडतो. १ ओहमच्या आत असलेला स्रोत हवा. जुना ठोकताळा असा की स्रोताचा इम्पिडन्स आयईएमच्या किमान इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, "नाममात्र" आकड्याच्या नव्हे.

याच कारणाने सुस्कारा घालवायला नुसता मालिकेतला रोध असलेला ॲडाप्टर मल्टि-आर्मेचरला लावू नका. एटिमोटिकचा ७५ ओहमचा ॲडाप्टर ईआर४पी ला ईआर४एस करायचा, म्हणजे स्वर बदलणं हाच त्याचा हेतू होता. सुस्कारा मारायचा तर व्होल्टेज विभागणारा ॲटेन्युएटर घ्या, ज्याचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स एक-दोन ओहमच राहतो.

तिरकीट

अंगावरच्या त्रासाचं कोणी बोलत नाही. आठपदरी जाड केबल रोधात जिंकते आणि कानावर हरते. वाय-जोड धातूचा गोळा असेल तर तो दिवसभर शेल खाली ओढतो आणि तुमची ती हवाबंद टिप सैल करतो. चारपदरी २६ गेज हा बहुतेकांना पुरणारा मध्य.

चष्मा असेल तर तार घातलेली इअरहुक टाळा, दांडी आणि तार एकमेकांवर बसतात. आकसणाऱ्या नळीचे हुक घ्या. बाक मनाजोगता नसेल तर केबल आयईएमपासून सोडवा, हुक पेनभोवती वळवा, केस सुकवायच्या यंत्राची मंद झुळूक २०-३० सेकंद द्या आणि धरूनच थंड होऊ द्या. शेल जोडलेलं ठेवून गरम केलंत तर आतला गोंद सुटू शकतो.

कपड्याला घासून येणारी "खरखर" कापडी वेष्टणाच्या केबलला जास्त असते. कानामागून घेऊन हनुवटीखालची सरकणी वर ओढली की बरीच थांबते. सरकणी नसलेली केबल मी तरी सुचवणार नाही.

खर्ज

देखभालीचं उरकून टाकतो. सिलिकॉन टिप काढून कोमट साबणपाण्याने धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. जाळी साफ करताना नॉझल जमिनीकडे ठेवा, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. आर्मेचरच्या नळीत अल्कोहोल घालू नका. एका बाजूचा आवाज हळूहळू बसत गेला तर नव्वद टक्के वेळा जाळीत मळ असतो. डबी कडक हवी, दोन शेल एकमेकांवर आपटणार नाहीत अशी, आत सिलिका जेलची पुडी. केबल शेलभोवती गुंडाळू नका, कनेक्टरपाशी तुटते ती त्यानेच.

मंद्र

आता बिघाड. एका बाजूचा आवाज जातो-येतो तेव्हा दोष केबलचा की सॉकेटचा, हे घरी कसं ओळखायचं?

डाख

डाव्याचा प्लग उजव्या शेलला आणि उजव्याचा डाव्याला लावा. दोष प्लगबरोबर सरकला तर केबल, शेलपाशी राहिला तर सॉकेट. सॉकेट असेल तर आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल काडीच्या कापसाला जेमतेम लावून प्लग पुसा, चार-पाच वेळा लावा-काढा. मळका संपर्क एकटाच अर्धा ओहम वाढवतो, वरचा सगळा गेजचा हिशोब त्यात बुडतो.

केबल मोजायची तर मल्टिमीटरच्या दोन्ही टोकण्या एकमेकींना टेकवून येणारा आकडा आधी टिपा, तो पुढे वजा करायचा. मगर-चिमट्याने एका बाजूच्या दोन पिना जोडा आणि दुसऱ्या टोकाला त्या बाजूचे दोन भाग मोजा. ३.५ ला टोक डावं, मधली कडी उजवी, मूळ जमीन. ४.४ ला टोकापासून क्रमाने डावं धन, डावं ऋण, उजवं धन, उजवं ऋण, शेवटी जमीन. २.५ चा क्रम वेगळा: टोक उजवं ऋण, मग उजवं धन, डावं धन, शेवटी डावं ऋण. मोजताना केबल प्लगपाशी आणि वाय-जोडापाशी हलवा. आकडा उडी मारतो तिथे तार तुटलीय, आणि बहुतेक वेळा ती प्लगच्या पहिल्या दोन सेंटिमीटरमध्ये असते.

तेवढा तुकडा कापून नवीन प्लग लावता येतो. वायरींचे रंग कुठे होते ते कापण्याआधी लिहा. प्लगचं आवरण आणि आकसनळी वायरीवर आधी ओवा, डाख दिल्यावर ती आत जात नाही. लिट्झ असेल तर इनॅमल जाळावं लागतं: टोकावर फ्लक्स, सोल्डरचा मोठा थेंब ३८० ते ४०० अंशांवर, तार त्यात बुडवून दोन-तीन सेकंद. सोल्डर तारेवर पसरलं नाही आणि गोळी होऊन राहिलं तर इनॅमल अजून आहे. असा जोड पहिल्या दिवशी वाजतो आणि नंतर दगा देतो. प्लगवरचा प्रत्यक्ष जोड ३५० अंशांना, दोन सेकंदांत. जास्त वेळ लावलात तर प्लगमधल्या कड्या वेगळ्या ठेवणारं प्लास्टिक वितळून दोन कड्या आतून चिकटतात.

आवरण चढवण्याआधी प्रत्येक दोन भागांमध्ये शॉर्ट नाही ना ते बघा, आवरण चढवल्यावर परत बघा, कारण दाबल्यावर एखादी सुटी तार शेजारच्या भागाला टेकते. मगच ॲम्पला लावा, आणि पहिल्यांदा एखाद्या साध्या इअरफोनवर.